संत्र्याच्या धुऱ्यावरचं केलचं दुकान आणि आमच्या जगऱ्यातलं बीट

३० रुपयांना पालेभाजीची एक जुडी आमच्याकडे कुणी घेत नाही. पौषात मेथीच्या दोन जुड्या १० रुपयांत येतात, पालकाचं तेच, आणि बाजार उठताना भाजीवाली वरून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या टाकते त्या वेगळ्या. तरी नोव्हेंबरच्या शेवटापासून मी दर आठवड्याला केल नावाच्या पालेभाजीच्या जुड्या ३० रुपयांप्रमाणे घेते आहे. का घेते, कुणाकडून घेते, त्यांच्या मालात काय चांगलं आणि काय खटकतं, ते सांगते.

माझी खानावळ आहे, अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या एका गावात. रोजचे २२ डबे. शाळेतले गुरुजी, बँकेतले दोघं, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, आणि आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली की व्यापाऱ्यांकडचे हंगामी लोक. १९ वर्षं झाली, भाजी मी स्वतःच आणते. काडी मोडून पाहते, देठ दाबून पाहते, मगच पैसे काढते.

दुकान म्हणजे मोर्शीच्या वाटेवर, गावापासून ३ किलोमीटरवर एक संत्र्याची बाग आहे, तिच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, टिनाचं शेड. नवरा-बायको दोघं तिशीतले. डिंक्या रोगानं झाडं गेली तेव्हा बागेचा तो तुकडा त्यांनी मोकळा केला, १० गुंठ्यांवर हिरवी जाळी टाकली आणि केल, बीट, नवलकोल, ब्रोकोली लावली. शेड सकाळी साडेसहा ते दहा उघडं असतं. बुधवारी गावच्या आठवडी बाजारात मारुतीच्या पाराजवळ दोन क्रेट मांडून बसतात. फलक वगैरे काही नाही. ‘जाळीवाल्याचं दुकान’ म्हटलं की कुणीही हात करून दाखवेल.

मी तिथं गेले ते सिस्टरांमुळे. त्या एक दिवस म्हणाल्या, ‘काकू, रात्री पोळी नको वाटते हो. पोट भरेल असं सलाद देता येईल का?’ आमच्याकडे सलाद म्हणजे कांदा, काकडी, मुळ्याच्या चकत्या आणि लिंबाची फोड. ते ताटाच्या कडेला असतं, त्यावर कुणाची रात्र निघत नाही. मी नाहीच म्हणणार होते. पण त्याच बुधवारी जाळीवाल्या ताईपुढे कागदी थैल्या मांडलेल्या दिसल्या. १२० रुपयांची एक थैली, चार जणांपुरती: केलच्या २ जुड्या, अर्धा किलो बीट, २ संत्री, पुडीत मूठभर जवस आणि सलादच्या कृतीची छापील चिठ्ठी.

‘हे पालं कायचं होय वं?’ मी विचारलं.

‘केल होय, काकू. कोबीच्याच घरचा, पण गड्डा नाई धरत. खालची पानं तोडा, खा, आठा दिवसानं अजून तोडा.’

तिनं सांगितलं ते खरं आहे. कोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली आणि केल या सगळ्या एकाच जातीच्या वनस्पती आहेत. माणसानं कुणाचा गड्डा वाढवला, कुणाचं फूल, कुणाचं खोड, आणि केलची फक्त पानं. पुढे गावातल्या एका निवृत्त जवानानं माझ्या ओट्यावर ही जुडी पाहिली आणि लगेच ओळख दिली, ‘अशीच हाक खात होतो आम्ही काश्मीरात.’ हाक त्याच घराण्यातली. तेव्हा ही भाजी परदेशातून काल आली आणि शहरातल्यांनीच खावी, असं काही नाही.

३० रुपयांचा हिशेबही मला शेतात उभं राहिल्यावर कळला. मेथी उपटली की वाफा मोकळा. केलचं झाड जागेवर राहतं, आठवड्याला त्याची खालची ४-५ पानंच घेता येतात, वरचा शेंडा सोडावा लागतो. रोपं गणपती उठल्यावर टाकायची, दसऱ्याच्या आसपास लावायची, आणि पहिली तोड नोव्हेंबरच्या शेवटी. एका जुडीत मी मोजून पाहिली, १२ ते १४ पानं असतात. म्हणजे तीन झाडांची आठवड्याची कमाई माझ्या हातात. भाव मला मग जास्त वाटला नाही.

आता थैलीतल्या मालाबद्दल.

केल दोन प्रकारचा देतात. एक कुरळ्या पानांचा, दुसरा लांब, गर्द हिरव्या-निळसर, खरखरीत पानांचा. मला लांब पानांचा आवडला. तो मळताना लवकर मऊ येतो आणि धुवायला सोपा. कुरळा दिसतो सुंदर, त्याच्या घड्यांत मसाला छान बसतो, पण त्याच घड्यांत मावा नावाची बारीक कीडही बसते. डिसेंबरात तीन दिवस आभाळ आलं होतं, त्या आठवड्याच्या कुरळ्या जुडीत पानाच्या मागं मावा निघाला. मी जुडी तशीच परत नेली. ताईनं एक शब्द न काढता बदलून दिली, आणि त्या आठवड्यात कुरळा विकायला ठेवलाच नाही. निंबोळी अर्क मारतात ती दोघं, पण ढगाळ हवेत माव्याला तो पुरत नाही, हे त्यांनीच कबूल केलं. मी तेव्हापासून कोणताही केल मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, मग दोन पाण्यांतून काढते. तुम्हीही काढा.

थंडी पडली की पाल्याची चवच बदलते. जानेवारीत पारा ९-१० पर्यंत उतरला होता, त्या आठवड्याची पानं मी चिरता चिरता कच्चीच खाल्ली, इतकी गोड. गारठ्यात हे झाड आपल्यातल्या पिठूळ साठ्याची साखर करून ठेवतं, म्हणून. ऊन तापलं की उलट, पानं कडवट आणि चिवट. हे दुकान हंगामापुरतंच आहे त्याचं कारण तेच, आणि फाल्गुनात ते स्वतःच गिऱ्हाइकाला ‘आता नका घेऊ’ सांगतात. मागे नागपूरच्या एका मोठ्या दुकानात मी ऐन मे महिन्यात प्लॅस्टिकच्या डबीत केल पाहिला होता, पिवळा पडलेला, आणि भाव याच्या चौपट. तो पाहून मी या भाजीच्या वाटेलाच गेले नव्हते.

बिटाबद्दल मात्र तक्रार आहे. एका थैलीत लिंबाएवढं एक, संत्र्याएवढं एक आणि मोठ्या पेरूएवढं एक, असं मिसळून घालतात. उकडायला ते चालेल, भाजायला नाही चालत. लहान करपतं तोवर मोठं आतून कच्चं. आणि फार मोठं झालेलं बीट कापलं की आत पांढरी वर्तुळं दिसतात, दाताखाली दोरा लागतो. जानेवारीच्या शेवटी दोनदा तसं आलं. मी सांगितल्यावर सुटं बीट ४० रुपये किलोनं निवडून घेऊ देतात, पण थैलीत अजून मिसळच असतं.

दुसरी तक्रार पानांची होती. सुरुवातीला ते बिटाचा पाला बुडातून कापून टाकायचे. बीट हे पालकाच्या, चाकवताच्या, राजगिऱ्याच्या कुळातलं, त्याचा पाला तर आमच्या डाळभाजीत पालकाइतकाच छान लागतो. शिवाय देठ बुडातून कापलं की भाजताना त्या जखमेतून रंग आणि गोडवा दोन्ही वाहून जातात. दोन बोटं देठ आणि खालची शेपटी ठेवावीच लागते. ही तक्रार त्यांनी पुढच्याच आठवड्यात मिटवली. आता पाल्यासकट देतात.

संत्र्यांना नावं ठेवायला जागा नाही. स्वतःच्याच झाडाची, सकाळी तोडलेली. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या पट्ट्यात त्याला प्रमाणपत्र लागत नाही, साल सैल सुटली आणि वासानं खोली भरली की झालं.

खरी अडचण चिठ्ठीत आहे. ‘बीट २०० अंशांवर एक तास ओव्हनमध्ये भाजा’ असं त्यात लिहिलंय. गावातल्या किती घरांत ओव्हन असेल? माझ्याकडे आहे, मुलीनं दिवाळीला दिलेला लहानसा, त्यात मी कधी नानकटाई करते. पहिल्या दिवशी चिठ्ठी समोर ठेवून बीट त्यात घातलं. २५ मिनिटं झाली आणि वीज गेली. दोन तासांनी आली. पुन्हा लावलं, तर वरून चामड्यासारखं आणि मध्ये कच्चं. शिवाय चिठ्ठीत ‘केल बारीक चिरून त्यात मिसळा’ इतकंच. मी तसाच मिसळला. त्या रात्री सहा जणांना हे सलाद दिलं, आणि सकाळी पाच डब्यांत पाला तसाच परत आला. सिस्टरांचाही. मला फार वाईट वाटलं. माझा डबा धुतल्यासारखा रिकामा परत येतो, त्याची मला सवय आहे.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, ७८ वर्षांचे. ते ओसरीवर बसून हे सगळं पाहत होते.

‘कायले त्या डब्ब्यात घालून रायली वं? रोडगे भाजतो नं आपण? तसेच राखंत पूर.’

मला ते का सुचलं नाही, कळत नाही. भंडाऱ्याच्या जेवणाला आम्ही शंभर माणसांचे रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, जगऱ्यात, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, भाजतो, वांगी भरतासाठी निखाऱ्यात टाकतो, आणि बिटासाठी मी विजेची वाट पाहत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी अंगणात लहानसा जगरा लावला. आधी मी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, आणली, तर त्यांनी परत पाठवली. पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि पाच मिनिटांत राख; चहाला ठीक, भाजायला नाही. तुराट्यांचंही तसंच. गोवऱ्या घातल्या, मध्ये बाभळीच्या दोन फाट्या आणि बागेतलं वाळलेलं संत्र्याचं लाकूड. धूर पूर्ण जाऊ दिला. ज्वाळ बसून निखाऱ्यावर पांढरी राख धरली, तेव्हा काठीनं मधला भाग बाजूला सारला, बीट मांडले, वरून गरम राख आणि तिच्यावर निखारे. बीट निखाऱ्याला चिकटायला नको, मध्ये राखेचा थर हवा. त्यांनी हे मला तीन वेळा सांगितलं.

संत्र्याएवढ्या बिटाला ४५ ते ५० मिनिटं लागली. अर्ध्यावर एकदा फिरवली. झालं की नाही ते दाभणानं पाहायचं; दाभण न अडता आरपार गेलं की काढायचं. काढल्यावर टोपल्याखाली दहा मिनिटं झाकून ठेवली, मग जाड फडक्यानं नुसतं चोळलं तर साल सरकून आली. नळाखाली धरू नका, चव पाण्यात जाते. हाताला आधी तेल लावा, नाहीतर दोन दिवस बोटं लाल.

त्या बिटाची पहिली फोड मी खाल्ली तेव्हा मला रताळ्याची आठवण आली. उकडलेल्या बिटातला थोडा गोडवा पाण्यात उतरतो. भाजताना उलट पाणीच उडतं आणि गोडवा आटून दाट होतो. आमच्या गुरुजींनी जेवता जेवता सांगितलं की १७४७ साली मार्गग्राफ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं बिटातून साखर काढून दाखवली होती, ती उसातल्या साखरेसारखीच. युरोपात शुगरबीटची शेतंच्या शेतं असतात, ते याचंच भावंड.

ज्यांच्याकडे चूल नाही त्यांनी जाड लोखंडी कढईत किलोभर खडे मीठ पसरावं, त्यावर बीट मांडावं, घट्ट झाकण ठेवून मंद गॅसवर तासभर. मी पावसाळी हवेत हेच करते. मीठ पुन्हापुन्हा वापरता येतं, मी त्याची बरणीच वेगळी ठेवली आहे. धुराचा वास येत नाही, पण गोडवा येतो.

बिटाच्या मातकट वासाचंही सांगते, कारण आमच्या डब्यातल्या पोरांना बीट नको असतं ते त्यासाठीच. जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा तो वास. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर जमिनीतून जो वास उठतो, त्यातही हेच असतं. पावसात तो हवासा वाटतो, ताटात नाही. आंबटाच्या संगतीत ते द्रव्य मोडतं. म्हणून बीट गरम असतानाच फोडी करून त्यावर अर्धं लिंबू आणि थोडा संत्र्याचा रस घालायचा. गार झाल्यावर घातला तर वरवर राहतो. चिठ्ठीत हे नाही, आणि हे हवंच.

केलचं काम बिटापेक्षा हातानं जास्त आहे. पानाचा मधला शिरा धरायचा, दुसऱ्या मुठीतून खालून वर ओढायचा, पान सुटून येतं. शिरे टाकू नका, बारीक चिरून वरणात किंवा ठेच्यात जातात. पानं अर्ध्या बोटाएवढी बारीक चिरून कोपरात, म्हणजे पसरट भांड्यात, घ्यायची, त्यावर अर्धा चमचा मीठ, एक चमचा फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, अर्ध्या लिंबाचा रस, आणि मग दोन्ही हातांनी मळायचं. मुळ्याच्या किसाला मीठ लावून दाबतो ना, तसं. फक्त सुटलेलं पाणी पिळून टाकायचं नाही. तीन-चार मिनिटांत पाला निम्मा होतो, रंग गडद येतो आणि हाताला रेशमासारखा लागतो. पानाचा ताठा मिठानं आणि चोळण्यानं मोडतो. पहिल्या दिवशी मी हेच केलं नव्हतं, म्हणून पाच डबे परत आले. मळलेला केल दोन-तीन तास ठेवला तरी पाणी सोडून मलूल होत नाही, उलट मुरतो. डब्यासाठी हा मोठाच गुण आहे. काकडी-टमाट्याचं सलाद संध्याकाळी सहाला भरलं तर आठला त्याचं सार झालेलं असतं.

पोट भरायला मी त्यात ज्वारीच्या घुगऱ्या घालते. एक वाटी ज्वारी रात्री भिजवायची, सकाळी मीठ घालून कुकरला ७-८ शिट्ट्या, मग निथळून पसरून ठेवायची. दाणा अख्खा राहिला पाहिजे, चावताना फुटला पाहिजे. हुरड्याचे दिवस असले तर घुगऱ्यांऐवजी भाजलेला हुरडा घाला. माझ्या मते या सलादची सगळ्यात चांगली आवृत्ती तीच आहे: धुरकट बीट, गोड हुरडा, मळलेला केल. पौषात जेमतेम दोन-तीन आठवडे ती करता येते.

चिठ्ठीत वरून चीज घालायला सांगितलंय. मी घरचा चक्का घालते, रात्रभर टांगलेला, मीठ-मिरपूड लावून बोराएवढ्या गोळ्या करून. भाजलेले फल्लीदाणे मूठभर, जाडसर भरडलेले. थैलीतला जवस कोरडा भाजून अर्धवट कुटून, कारण अख्खा जवस पोटातून तसाच्या तसा निघून जातो, त्याचा उपयोग होत नाही. आमच्या लहानपणी घरी खाण्याला जवसाचं तेल होतं, तो वास मला अजून आवडतो.

कालवण्याचा रस असा: ३ चमचे फल्लीचं तेल, एका संत्र्याचा रस, अर्धं लिंबू, सुपारीएवढा गूळ, ठेचलेल्या लसणाच्या ३ पाकळ्या, आणि अर्धा चमचा मोहरी थोड्या पाण्यात फेसून. फेसलेली मोहरी नाकात चढली पाहिजे. आधी हा रस केल आणि घुगऱ्यांना लावायचा, मग संत्र्याच्या सोललेल्या फोडी आणि चक्का, आणि बीट सगळ्यात शेवटी, वरून. बीट आधी घातलं तर सगळं एकच गुलाबी होतं, चक्क्याचा पांढरेपणा जातो. वर सांबार.

हे दुसऱ्यांदा मी सिस्टरांना एकट्यांना दिलं, न सांगता. डबा रिकामा आला, झाकणाला लागलेला जवससुद्धा पुसून घेतलेला. आता आठवड्यातून दोन रात्री ११ जण हेच घेतात. बँकेतल्या एकांचा मात्र दुसऱ्या सकाळी घाबरून फोन आला, लघवी लाल झाली म्हणून. बीट खाल्ल्यावर काही जणांना तसं होतं, त्यात भिण्यासारखं काही नाही, दिवसात जातं. तेव्हापासून मी पहिल्यांदा घेणाऱ्याला आधीच सांगते. दोन गोष्टी आणखी विचारते. मुतखडा आहे का, कारण बिटात ऑक्झलेट बरंच असतं. आणि रक्त पातळ करणारी वारफेरिनची गोळी चालू आहे का. केलमध्ये के जीवनसत्त्व भरपूर असतं, एकदम खायला सुरुवात केली तर त्या गोळीचा हिशेब बिघडतो. अशांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. गुरुजींची ती गोळी चालू आहे, त्यांना मी त्या रात्री वांग्याचं भरीत देते.

खर्च सांगते. थैली १२०, ज्वारी, दही, दाणे, तेल मिळून ४० च्या आसपास, म्हणजे चौघांचे १६०, एका ताटाला ४० रुपये. माझा डबा ७० ला आहे, परवडतं. घरी करणाऱ्याला बीट आणि संत्री घरची असली तर आणखी स्वस्त. जाळीवाल्या ताईला मी एवढंच सांगितलं आहे की केल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देऊ नका, आत घाम धरतो आणि दुसऱ्या दिवशी पान काळं पडतं. मी घरून ओलं फडकं नेते, त्यात गुंडाळलेला माठाशेजारी तीन दिवस टवटवीत राहतो. तिनं या महिन्यापासून केळीच्या सोपटात बांधायला सुरुवात केली आहे.

मला हे दुकान आवडतं ते तिथं खोटं बोलत नाहीत म्हणून. कालची पानं असली तर ‘कालची होय, २० ला घ्या’ असं आधी सांगतात. कोणत्या वाफ्यावर कधी काय फवारलं ते वहीत लिहिलेलं आहे, मागितली की वही पुढे करतात. फवारणीनंतर पाच दिवस त्या वाफ्यातलं पान तोडत नाहीत. १९ वर्षांत मला असा भाजीवाला दुसरा भेटला नाही, आणि मी गावोगावचे बाजार पाहिले आहेत. बिटाच्या मापाची तक्रार आणि चिठ्ठी सोडली तर माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही.

बिटाचं माप आता मामाजींनी हातात घेतलं आहे. बुधवारी ते स्वतः पाराजवळ जातात, खाली बसून क्रेटमधून एकाच अंगाची, संत्र्याएवढी बीट वेचून काढतात, देठ-शेपटी पाहतात. परवा ताईला म्हणाले, ‘पोरी, तुह्या चिठ्ठीत जगरा नाई लिहेल. लिही.’ तिनं वहीचं कोरं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहून घेतलं: गोवऱ्या किती, राख किती, दाभण कधी लावायचं. खाली मी केल मळायचं लिहिलं. पुढच्या हंगामाच्या चिठ्ठीवर ते छापणार आहेत. या हंगामाचे अजून चार बुधवार आहेत. साडेआठच्या आत पोचलात तर लांब पानांचा मिळेल.